‘सर, मला नाही खेळायचं आता’

पत्र: मी बॉक्सिंगचा प्रशिक्षक आहे. एकोणीस वर्षांचा एक मुलगा गेली सहा वर्षं माझ्याकडे शिकतो. हात चांगला आहे, डोकं शांत आहे, सांगितलेलं सगळं ऐकतो. गेल्या महिन्यात एका बाउटमध्ये (लढतीत) दुसऱ्या राउंडला डोक्यावर ठोसे बसून त्याला दोनदा आठचा काउंट लागला, म्हणजे रेफरीने खेळ थांबवून आठपर्यंत आकडे मोजले, आणि शेवटी त्याने बाउट थांबवली. मनात भीती बसू नये म्हणून मी त्याला दहा दिवसांत पुन्हा स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीला, उतरवलं. परवा हातावरचं बँडेज सोडता सोडता तो म्हणाला, ‘सर, मला नाही खेळायचं आता.’ मी म्हणालो, ‘हरल्यावर सगळ्यांनाच असं वाटतं. उद्या वेळेवर ये.’ तो वेळेवर आला, पण शिक्षा भोगायला आल्यासारखा. तीन आठवड्यांवर स्पर्धा आहे, नाव दिलेलं आहे. त्याचे वडील म्हणतात, ‘सर, तुम्हीच समजवा, तो तुमचंच ऐकतो.’ मोठमोठ्या बॉक्सरनाही सोडून द्यावंसं वाटलं होतं आणि प्रशिक्षकांनी रेटलं म्हणून ते मोठे झाले, असं मी वाचलं आहे. मी याला रेटू की सोडू? आणि उद्या रिंगमध्येच तो असं म्हणाला तर काय करू?
— एक प्रशिक्षक

नमस्कार सर,

रेटू की सोडू, हा तुमचा प्रश्न. त्याचं उत्तर देतेच, पण पत्रातल्या एका वाक्यावरून तुम्ही घाईघाईने पुढे गेला आहात आणि मी तिथेच अडकले आहे. डोक्याला मार लागून बाउट थांबली आणि दहा दिवसांत मुलगा स्पारिंगला उभा राहिला. हौशी बॉक्सिंगमध्ये अशा थांबवलेल्या बाउटनंतर सक्तीची विश्रांती असते, निदान ३० दिवसांची, आणि स्पारिंगही त्यात येतं. तुम्ही हे जाणता. ‘भीती बसू नये’ म्हणून तो नियम बाजूला ठेवलात, हेही कळतं. आपल्या धंद्यात हा समज जुना आहे आणि तो मुलांच्या डोक्याला भोवतो.

हेडगार्ड घातलं होतं, हलकंच स्पारिंग होतं, असं तुम्ही म्हणाल. हेडगार्डने भुवई फुटत नाही, कानाला लागत नाही. पण कवटीच्या आत मेंदू हलतो, त्याला ते फारसं काही करत नाही. वरच्या दर्जाच्या हौशी पुरुष बॉक्सिंगमधून २०१३ साली हेडगार्ड काढून टाकलं गेलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याच्याशिवायच खेळले, हे तुम्ही पाहिलंच असेल. तो निर्णय बरोबर की चूक यावर वाद घालता येईल. हेडगार्ड आहे म्हणून डोकं सुरक्षित आहे, असं मात्र त्यातून ठरत नाही.

आता हे वाचा आणि आपल्या मुलाला डोळ्यांसमोर आणा. मेंदूला धक्का बसल्यानंतर काही दिवस, कधीकधी काही आठवडे, डोकं दुखतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो, झोप बिघडते. तेवढंच नाही. चिडचिड होते, उगाच रडू येतं, लक्ष लागत नाही, कालपर्यंत आवडणारी गोष्ट आज नकोशी वाटते. स्कॅन अगदी स्वच्छ आला तरी हे सगळं असू शकतं. म्हणजे ‘मला नाही खेळायचं’ हे त्याचं मत असेल, तसंच ते दुखण्याचं लक्षणही असेल. कोणतं आहे ते तुम्हाला कळणार नाही, मला कळणार नाही, कदाचित अजून त्यालाही कळत नसेल. पहिला धक्का भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊन जीवावर बेतू शकतं. असं क्वचित घडतं, पण घडतं ते बहुतेक कोवळ्या वयाच्या खेळाडूंच्या बाबतीत.

तेव्हा रेटण्या-सोडण्याची चर्चा नंतर. आधी स्पारिंग बंद, डोक्याच्या दुखापती पाहणाऱ्या डॉक्टरांकडे मुलाला घेऊन जाणं, आणि स्पर्धेतून नाव मागे घेणं. ‘बघू, शेवटच्या आठवड्यात ठरवू’ असं नको. शेवटच्या आठवड्यात कुणीही माघार घेत नाही. वजन उतरवलेलं असतं, मित्रांना सांगून झालेलं असतं, सगळा गाडा चालू लागलेला असतो.

नाव मागे घेण्याचा आणखी एक उपयोग आहे. स्पर्धा डोक्यावर असताना त्याला काहीही विचारलंत तरी तो स्पर्धेबद्दलच बोलेल. ती बाजूला काढलीत की मग तो बॉक्सिंगबद्दल बोलतो का ते दिसेल. ‘तारीखच रद्द झाली असती तर उद्या सरावाला आला असतास का?’ मी एकच प्रश्न विचारायचा ठरवला तर हा विचारेन. ‘हो’ म्हणाला तर त्याला बाउट नको आहे, खेळ हवा आहे. ‘नाही’ म्हणाला तर गोष्ट खोल आहे. आणि बराच वेळ गप्प राहिला तर तुम्हीही गप्प राहा. आपल्याला राउंडच्या घंटेची सवय, ती शांतता लगेच भरून काढायची घाई होते. भरू नका.

तुमच्या उत्तराबद्दल थोडं. तो बँडेज सोडताना बोलला, हा तपशील तुम्ही लिहिलात ते फार बरं झालं. बँडेज सोडताना मान खाली असते, डोळ्यांत बघावं लागत नाही, हातांना काम असतं. ज्याला अवघड बोलायचं आहे तो अशीच वेळ निवडतो. सहा वर्षं ‘हो सर’ म्हणणाऱ्या पोराने हे एक वाक्य किती दिवस तोंडात घोळवलं असेल याचा अंदाज करा. तुम्ही त्याला त्यावर उद्याची वेळ दिलीत. तो आला, कारण तो सांगितलेलं ऐकतो. ज्या गुणाचं तुम्ही पत्रात कौतुक केलंत तोच इथे आडवा येतो आहे. सगळं ऐकणाऱ्या मुलाकडून ‘नाही’ एकदाच येतं. पुढच्या वेळी तो बोलणार नाही, नुसता यायचा बंद होईल. किंवा त्याहून वाईट, येत राहील आणि रिंगमध्ये हात खाली ठेवून उभा राहील.

म्हणून परत बोला, पण आखाड्यात नको. पॅड हातात असताना नको, बाकीची मुलं दोरीउड्या मारत कान टवकारून असताना नको, आणि तुम्ही खुर्चीत, तो समोर उभा, असंही नको. दोघं चालत असाल तर उत्तम. ‘परवा तू जे म्हणालास ते मी नीट ऐकलं नाही. आता सांग.’ एवढं म्हणा. ‘माझी सहा वर्षांची मेहनत’ हे शब्द तोंडातून येता कामा नयेत. ती मेहनत खरी आहे, तिचं दुःखही खरं आहे, पण त्याचा हिशोब मुलाकडे मागायचा नसतो.

कारण काय निघेल ते मी इथून सांगू शकत नाही. पण बोलण्याआधी आठवडाभर त्याच्याकडे नुसतं बघा, मुलं अंगाने बरंच सांगतात. (स्पारिंग बंद असलं तरी डॉक्टर जेवढा हलका व्यायाम करू देतील तेवढ्यात हे दिसतं.) हातावर बँडेज गुंडाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावतो का? पूर्ण गुंडाळून, घडी नीट बसली नाही म्हणून सगळं सोडून परत सुरू करतो का? ठोसे मारायला कोपऱ्यातलीच बॅग धरतो का? एका ठरावीक मुलाशी जोडी लागली की बुटाची नाडी बांधायला बसतो का? हे शेवटचं दिसलं तर बहुधा खेळाचा प्रश्नच नसतो. एखादा वजनाने जड, हाताने बेफाम मुलगा त्याला रोज स्पारिंगमध्ये बदडत असतो आणि आपण त्याला ‘चांगली तयारी’ म्हणत असतो. अशा वेळी दोष जोडी लावणाऱ्याचा.

पॅडवर साधा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) दाखवा आणि त्याच्या डोळ्यांकडे पाहा. काउंट लागून आलेल्या मुलाच्या पापण्या जॅब निम्म्या वाटेवर असतानाच मिटतात, हनुवटी वर उचलली जाते आणि वजन मागच्या पायावर बसतं. ही भीती. तिच्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि ती जाते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, आणि त्याची इच्छा असेल तरच, हळू हाताच्या विश्वासू जोडीदाराबरोबर फक्त जॅब, नंतर फक्त अंगावरचे ठोसे, डोकं पूर्ण वर्ज्य, असं चढत जा. दोन-तीन महिने लागतील. मात्र ‘तू घाबरलास’ हे शब्द त्याच्यासमोर उच्चारू नका. तो ते आधीच स्वतःला म्हणून बसला आहे.

वजनाचंही बघा. एकोणिसाव्या वर्षी मुलाचं शरीर अजून भरत असतं आणि आपण त्याला दोन वर्षांपूर्वीच्याच वजनगटात कोंबत असतो. सततची उपाशी, तहानलेली अवस्था माणसाचा कशातलाही रस मारते. रोबेर्तो डुरानने २५ नोव्हेंबर १९८० ला शुगर रे लेनर्डसमोर आठव्या राउंडमध्ये पाठ फिरवून लढत सोडली, ती आजही भेकडपणाचं उदाहरण म्हणून सांगितली जाते. पण पाच महिन्यांपूर्वी त्याच लेनर्डला हरवल्यावर त्याचं वजन बेसुमार वाढलं होतं आणि ते थोड्याच दिवसांत उतरवावं लागलं होतं, ते फार कुणी सांगत नाही. त्या संध्याकाळी काय काय झालं यावर आजही मतभेद आहेत. तरी माघारीचं मूळ कधीकधी रिंगच्या बाहेर आणि कित्येक आठवडे मागे असतं, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. डुरान पुढे १९८३ मध्ये पुन्हा विश्वविजेता झाला.

आता तुमच्या ‘मोठमोठ्या बॉक्सर’कडे येऊ. तुम्ही जे वाचलं आहे ते कोणतं, याचा मला अंदाज आहे. २५ फेब्रुवारी १९६४. तेव्हा कॅशियस क्ले या नावाने खेळणारा मुहम्मद अली सॉनी लिस्टनविरुद्ध चौथा राउंड संपवून कॉर्नरला आला तो डोळे चोळत. काही दिसत नव्हतं, आग होत होती, ‘ग्लोव्हज कापून काढा’ म्हणत होता. त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने त्याचे डोळे धुतले आणि पाचव्या राउंडसाठी त्याला रिंगमध्ये ढकललं, लांब राहा, पळत राहा असं सांगून. राउंड अर्धा होईतो डोळे निवळले. सातव्या राउंडला लिस्टनच स्टुलावरून उठला नाही आणि बावीस वर्षांचा पोरगा जगज्जेता झाला.

गोष्ट खरी आहे. पण डंडीने काय केलं ते पुन्हा बघा. त्याने भाषण ठोकलं नाही. आधी कारण शोधलं. डोळ्यांत काहीतरी गेलं आहे, बहुधा समोरच्या कॉर्नरमधलं एखादं औषध, आणि ते पाण्याने जाईल, हे त्याने त्या मिनिटात ताडलं. मुलाच्या डोक्याला काही झालेलं नव्हतं, तो थकलेला नव्हता, लढत त्याच्या हातात होती. आणि ढकलताना ‘जाऊन भिड’ म्हणाला नाही, लांब राहा म्हणाला.

गोष्टीचा दुसरा भाग लोक सांगत नाहीत. २ ऑक्टोबर १९८० ला तोच डंडी त्याच अलीच्या कॉर्नरला होता, समोर लॅरी होम्स. अली ३८ वर्षांचा, हात उचलत नव्हता, राउंडमागून राउंड नुसता मार खात होता. दहावा राउंड झाल्यावर डंडीने लढत थांबवली. कॉर्नरमधलाच दुसरा माणूस ‘अजून एक राउंड’ म्हणून अडून बसला होता, त्याचं ऐकलं नाही. अलीने स्वतः ‘बस’ म्हटलं नव्हतं. एकदा मागणाऱ्याला थांबू दिलं नाही, एकदा न मागणाऱ्याला थांबवलं. दोन्ही वेळा डंडी मुलाच्या शब्दांवर विसंबला नाही, त्याच्याकडे बघत होता.

शिवाय, सर, ज्यांना रेटलं आणि जे मोडले त्यांच्या मुलाखती कुणी घेत नाही. त्यामुळे आपल्या कानावर येतात त्या सगळ्या गोष्टी रेटल्यामुळे जिंकलेल्यांच्याच.

रिंगमध्येच म्हणाला तर? इथे माझं मत आखाड्यातल्या संभाषणापेक्षा अगदी वेगळं आहे, आणि त्यात मला चर्चा नको आहे. आखाड्यात ‘का’ विचारायचं, चार वेळा विचारायचं, महिने घ्यायचे. कॉर्नरमध्ये ‘का’ विचारायचं नाही. तुमच्याकडे साठ सेकंद असतात, त्यातली पहिली वीस श्वास आणि पाण्यात जातात. तो ‘बस सर’ म्हणाला की थांबवा. हौशी बाउट तीन राउंडची असते. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या तिसऱ्या राउंडमध्ये असं काय आहे, ज्यासाठी तुम्ही त्याच्याशी वाद घालाल?

तुम्ही म्हणाल, डंडीने डोळे धुतले तसं धुण्यासारखं काही असलं तर? असेल तर धुवा. बुटाची नाडी सुटली आहे, माउथगार्ड रुततं आहे, दम पुरत नाही म्हणून घाबरला आहे, ही तक्रार झाली. ती सोडवा आणि डोळ्यांत बघून एकदाच विचारा. पण समोरचा दुहेरी दिसतो, डोकं दुखतं, ‘कितवा राउंड आहे?’ असलं काही आलं, किंवा तो तुमच्या खांद्यावरून पलीकडे बघतो आहे आणि तुमचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नाही, तर विचारण्याचीही गरज नाही.

खरी अडचण उलट बाजूची आहे. बॉक्सर थांबा म्हणतच नाहीत. जुलै २०१९ मध्ये मॅक्सिम ददाशेव अकराव्या राउंडनंतर स्टुलावर बसला होता. प्रशिक्षक बडी मॅकगर्ट, स्वतः माजी विश्वविजेता, त्याला विनवत होता की मी थांबवतो, फार मार खातोयस. ददाशेव मान हलवून नाही म्हणत राहिला. मॅकगर्टने तरीही लढत थांबवली. रिंगबाहेर पडता पडता ददाशेव कोसळला आणि चार दिवसांनी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला. २८ वर्षांचा होता. मॅकगर्टने करायचं ते केलं होतं. ज्या खेळात मरणाच्या दारातला माणूस नाही म्हणून मान हलवतो, त्या खेळात एखादा आपण होऊन ‘बस’ म्हणाला तर त्याच्यावर विश्वास न ठेवायला काय कारण उरतं?

म्हणून प्रत्येक बाउटआधी, ड्रेसिंग रूममध्येच, प्रत्येक मुलाला सांगून ठेवा: तू बस म्हणालास की मी थांबवणार, दुसरा प्रश्न विचारणार नाही, आणि नंतर कुणासमोर त्याचा उल्लेख करणार नाही. अशी मोकळीक दिली तर पोरं पहिल्या ठोशाला नांगी टाकतील, अशी प्रशिक्षकांना भीती वाटते. मी कॉर्नरला राहून पाहिलं ते असं की ही मोकळीक असलेली मुलं ती क्वचितच वापरतात आणि जास्त मोकळ्या हाताने खेळतात. एक बारीक गोष्ट, काही ठिकाणी माघारीची खूण म्हणून रिंगमध्ये फेकलेल्या टॉवेलला नियमात स्थान नसतं, कॉर्नरने रेफरीला थेट कळवावं लागतं. ते बाउट सुरू व्हायच्या आधी विचारून घ्या, टॉवेल हातात घेऊन नाही.

आणि ‘एकदा माघार घेतली की सवय लागते’ म्हणणाऱ्यांसाठी डॅनियल दुबॉईसचं नाव लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२० मध्ये जो जॉइसविरुद्ध दहाव्या राउंडला तो गुडघ्यावर बसला आणि दहा मोजून होईतो उठला नाही. माजी खेळाडूंनीसुद्धा त्याला भित्रा ठरवलं. डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलेलं निघालं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच मुलाने माजी विश्वविजेत्या अँथनी जोशुआला पाचव्या राउंडमध्ये आडवं केलं. जॉइससमोर त्या दिवशी उठला असता तर डोळ्याचं काय झालं असतं, याचा विचार करा.

समजा, डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला, दोन महिने गेले, तुम्ही नीट ऐकलंत, आणि तरीही तो म्हणाला, नाही सर, खरंच नको. मग सोडा. मनापासून सोडा. ‘कधीही ये’ म्हणा, पण दर आठवड्याला फोन करून ते सिद्ध करू नका. लहान मुलांना शिकवायला बोलावण्याची युक्तीही लगेच नको, ते आमिष आहे हे त्याला कळेल. त्याच्या जाण्याबद्दल बाकीच्या मुलांना एका वाक्यात सांगा, ‘त्याने थांबायचं ठरवलं, चांगला खेळला’, आणि सराव सुरू करा. तो गेल्यावर तुम्ही त्याच्याबद्दल काय बोलता हे ती सगळी ऐकत असतात. तुम्ही तोंड वाकडं केलंत, तर पुढच्या वेळी ज्याचं डोकं दुखत असेल तो तुम्हाला सांगणार नाही.

राहिले वडील. ‘तुम्हीच समजवा’ हे काम स्वीकारू नका. मुलाचं म्हणणं तुम्ही वडिलांना सांगायचं आणि वडिलांचं मुलाला, असा निरोप्या व्हायचं नाही. त्यांना भेटून दुखापतीचं सांगा. स्पारिंग लवकर सुरू केलं तो निर्णय तुमचा होता, आता ते थांबवलं तोही तुमचाच, हे स्पष्ट सांगा, म्हणजे घरी जेवायला बसल्यावर मुलाची उलटतपासणी होणार नाही. डॉक्टरांकडे जाताना त्यांना बरोबर घ्या, झोप, चिडचिड, डोकेदुखी हे घरच्यांनाच जास्त दिसलेलं असतं. आणि स्पर्धेतून नाव मागे घेण्याचा अर्ज त्यांच्याकडून किंवा मुलाकडून लिहून घेऊ नका. कारण वैद्यकीय लिहा आणि खाली सही तुमची करा.